लोहसंधानाचें शिक्षण व त्याचीं साधनें

१. मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें गांवोगांव हिंडून जमविण्याचें काम कै. राजवाडे यांनीं हातीं घेतलें व त्यांचे बावीस खंड प्रसिद्ध केले, त्यास आतां शतकाहून अधिक काळ लोटला. पुढें १९३० ते १९३४ या अवधींत रियासतकार सरदेसाई यांच्या संपादकत्वाखालीं पेशवे दप्तरांतील निवडक कागदांचे पंचेचाळीस भाग छापून निघाले. या सामग्रीवरून स्वाऱ्या, तह, वतनें, तंटे व देवघेव यांचें बरेंच सूक्ष्म ज्ञान आपणांस झालें आहे. परंतु ज्या स्वारीचें वर्णन आपण वाचतों, तींत तोफ होती. तोफेस गाडा होता. गाड्याच्या चाकावर लोखंडी धांव होती. ती धांव पट्टीचीं दोन टोकें एकत्र सांधून केलेली होती. आणि तीं सांधणारा मनुष्य आपलें काम कोणापासून तरी शिकला होता. हें शिक्षण त्यास कोणीं दिलें, किती वर्षें दिलें, कोणत्या अटींवर दिलें व कोणास नाकारलें, हा प्रश्न आपल्या लिखाणांत क्वचितच येतो. प्रस्तुत लेखांत त्याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

लेखाचा निष्कर्ष आरंभींच सांगून टाकणें बरें. धातु सांधण्याची विद्या आपल्या देशांत दीड हजार वर्षांपूर्वीं पूर्णत्वास पोंचली होती. पण तिच्या शिक्षणाची लेखी नोंद व्हावी असा कायदा १८५० सालीं प्रथम झाला. त्या सालापासून पुढील कागद हे या विषयाचें मुख्य साधन होत. आणि जुन्या सनदा जपणारे आपण लोक याच कागदांस रद्दी समजत आलों आहों.

२. प्रथम ‘संधान’ या शब्दाची मर्यादा ठरवूं. धातूचे दोन तुकडे जोडण्याच्या रीती मुख्यतः चार. पहिली, दोन्ही तुकडे भट्टींत पांढरे होईपर्यंत तापवून घणाच्या घावांनीं एकजीव करणें. ही लोहाराची रीत. दुसरी, कमी उष्णतेनें वितळणारी निराळी धातु मध्यें वाहवून तुकडे चिकटविणें. हें झाळणें होय व तें सोनार, तांबट व कासार यांचें. तिसरी, भोंकें पाडून तापलेल्या खिळ्यांनीं पत्रे आवळणें, म्हणजे रिव्हेट मारणें. ही बॉयलर, पूल व आगबोटी यांबरोबर आपल्याकडे आली. चौथी, तुकड्यांच्या कडाच वितळवून त्यांचा एक रस करणें. हिलाच बाजारांत ‘वेल्डिंग मारणें’ म्हणतात.

यांपैकीं पहिल्या रीतीचे पुरावे आपल्या देशांत इतके मोठे आहेत कीं ते डोळ्यांआड करणें शक्य नाहीं. दिल्लीचा लोहस्तंभ सुमारें २४ फूट लांब व सहा टनांहून अधिक वजनाचा आहे. तो ओतलेला नाहीं. लोखंडाचे लहान लहान गोळे एकावर एक सांधून तो वाढवीत नेला आहे. धार येथील लाट मशिदीजवळ पडलेल्या स्तंभाचे तीन तुकडे एकत्र मोजले तर लांबी ४३ फुटांच्या आसपास भरते. त्याचीहि घडण तशीच. औसा, परांडा यांसारख्या किल्ल्यांवर ज्यांस लोक ‘बांगडी तोफ’ म्हणतात, त्यांचें नांवच त्यांची कृति सांगतें. लोखंडी पट्ट्या उभ्या लावून नळी करावयाची व तिच्यावर तापलेल्या कड्या एकीशेजारीं एक चढवून, ठोकून बसवावयाच्या. कडी निवाली कीं आकसते व आंतील पट्ट्या आवळून धरते.

हें काम वर्णनांत सोपें दिसतें. तापलेल्या लोखंडावर वाऱ्याच्या स्पर्शानें खपली धरते, आणि खपली मध्यें राहिली तर जोड धरत नाहीं. म्हणून लोहार सांध्यावर वाळू टाकतो. ती खपलीशीं मिळून पातळ मळी होते व घाव बसतांच बाहेर उडते. झाळकामांत तेंच काम टाकणखार करतो. लोखंडाची उष्णता सुमारें १२०० ते १३०० सेंटिग्रेड अंशांच्या दरम्यान असावी लागते. कमी झाली तर जोड वरवरचा होतो, फार वाढली तर लोखंड ठिणग्या टाकून जळूं लागतें. उष्णतामापक यंत्राच्या अभावीं ही मर्यादा केवळ रंगावरून ओळखावयाची, आणि भट्टींतून ऐरणीवर येईपर्यंत जे कांहीं क्षण मिळतात तेवढ्यांतच घाव घालावयाचा. रंगाची ही पारख शब्दांनीं शिकवितां येत नाहीं. ती वर्षानुवर्षें भट्टीसमोर उभें राहिल्यानेंच येते.

येथें एक भेद ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. विजापूरची मुलूखमैदान तोफ १५४९ सालीं अहमदनगरास ओतली गेली, आणि ती ओतणाऱ्या रूमी कारागिराचें नांव तिच्यावर कोरलेलें आहे. दिल्लीच्या स्तंभावर चंद्र नांवाच्या राजाची कीर्ति कोरलेली आहे. स्तंभ घडविणाऱ्याचें नांव नाहीं. ओतणारा परदेशांतून आलेला, दरबारीं मान पावलेला तज्ज्ञ होता. सांधणारा बहुधा गांवचा किंवा कारखान्याचा माणूस होता. कागदांतहि दोघांची वाट पुढें अशीच निराळी झाली.

३. मराठी कागदांत लोहार नाहीं असें नाहीं. तो बलुतेदार आहे. त्याचें बलुतें, त्याचा मान, त्याचें वतन, भाऊबंदांतील वांटणी यांविषयींचे महजर व निवाडे आपल्या संग्रहांत आहेत. परंतु या सर्वांत हक्क लिहिलेला आहे, विद्या लिहिलेली नाहीं. कारण उघड आहे. ज्या ठिकाणीं बाप मुलास घरच्या भट्टीवर शिकवितो, तेथें करार लिहून घेण्याचें प्रयोजन नसतें. कागद उत्पन्न होतो तो तंट्यानें किंवा परक्याशीं व्यवहार पडल्यानें. मुलगा बापाच्या हाताखालीं प्रथम भाता ओढी, मग कोळसा घाली, मग सांडशीनें लोखंड धरी, मग घण मारी, आणि शेवटीं बापाचे डोळे मंदावले म्हणजे स्वतः रंग ओळखून ‘मार’ म्हणे. या पायऱ्यांपैकीं एकीचाहि कागद होण्याचें कारण नव्हतें.

राजदरबारच्या कारखान्यांत तरी नोंद असावी अशी अपेक्षा होईल. राजव्यवहारकोशांत कारखान्यांच्या परिभाषेस स्वतंत्र वर्ग दिला आहे, यावरून राज्यकारभारांत त्यांचें महत्त्व दिसतें. पण कारखान्याच्या हिशेबांत माणूस येतो तो दरमाहा, शिधा व कापडचोपड यांच्या संबंधानें. शब्दांचीच साक्ष पाहावी. ‘शागीर्द’ हा फारसी शब्द मूळ शिष्यवाचक. पण पेशवाईच्या दप्तरांत ‘शागीर्दपेशा’ म्हणजे पदरचा चाकरवर्ग. शिष्याचा चाकर झाला, तो शब्दांतहि झाला. दुसरा शब्द ‘उमेदवार’. उमेद धरून राहणारा तो उमेदवार. जागा मिळेल या आशेनें बिनपगारी राबणारा. ‘उमेदवारी करणें’ हा प्रयोग मराठींत अद्याप जिवंत आहे, आणि आजचा कायदा कारखान्यांत शिकणाऱ्या मुलास मराठींत जें नांव देतो तेंहि ‘शिकाऊ उमेदवार’ हेंच आहे. एका शब्दांत शिकणें आणि आशेवर थांबणें हे दोन्ही अर्थ शतकांमागून शतकें एकत्र नांदत आले आहेत. शिकणाराची स्थिति समजण्यास हा शब्द एखाद्या लांब बखरीहून अधिक उपयोगी पडतो.

४. आतां १८५० सालाकडे वळूं. त्या वर्षाच्या १९ व्या कायद्यानें दहा वर्षांवरील व अठरा वर्षांखालील मुलास बाप किंवा पालक यांनीं कोणताहि योग्य धंदा शिकण्यासाठीं बांधून देण्याची सोय केली. मुदत सात वर्षांहून अधिक नसावी व मुलगा एकवीस वर्षांचा होईपर्यंत ती संपावी, मुलगी असल्यास तिच्या विवाहापुढें ती चालूं नये, असा निर्बंध होता. अनाथ, टाकलेलीं, किंवा भटकण्याच्या अगर किरकोळ गुन्ह्याच्या आरोपावरून दोषी ठरलेलीं मुलें यांच्या बाबतींत मॅजिस्ट्रेटनें पालकाची जागा घ्यावी असेंहि ठरविलें. आमच्या विषयाच्या दृष्टीनें या कायद्यांतील महत्त्वाची गोष्ट अशी कीं, करार लेखी असावा व त्यांत मुलाचें वय, मुदत आणि त्यास काय शिकवावयाचें हें नमूद करावें, अशी आज्ञा त्यांत आहे. ‘काय शिकवावयाचें’ हें कलम कागदावर येणें ही लहान गोष्ट नाहीं. हक्काबरोबर विद्याहि आतां दप्तरांत येऊं लागली.

याच सुमारास शिक्षणाचीं स्थानेंहि बदलत होतीं. मुंबईच्या गोदींत जहाजें बांधणाऱ्या वाडिया घराण्यांतील आर्देशीर करसेटजी हे १८४१ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीचे सभासद झाले. हा मान मिळविणारे ते पहिले हिंदी गृहस्थ. मुंबईच्या सरकारी स्टीम फॅक्टरीचे ते मुख्य इंजिनियर झाले. पुण्यास १८५४ सालीं इंजिनियरिंगचा वर्ग व यांत्रिक शाळा निघाली. तिचेंच पुढें इंजिनियरिंग कॉलेज झालें. मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेंत १८६६ सालीं तीन विभाग करण्यांत आले, त्यांपैकीं एक शोभिवंत घडीव लोखंडी कामाचा असून तो हिगिन्स यांच्याकडे होता. म्हणजे घण व ऐरण यांस चित्रकलेच्या शेजारीं शाळेंत जागा मिळाली. १८८७ सालीं व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट स्थापन झाली. १८९० सालीं बडोद्यास सयाजीराव महाराजांनीं कलाभवन काढलें व तें त्रिभुवनदास गज्जर यांच्या स्वाधीन केलें.

या संस्थांनीं विद्या घराबाहेर आणली, हा त्यांचा मोठा उपकार. पण वतनाचें दार उघडतांना दुसरें एक दार लागलें. प्रवेशास शालेय शिक्षण हवें, बहुतेक ठिकाणीं शिकविण्याची भाषा इंग्रजी, आणि शिकण्याच्या वर्षांत घरांत मजुरी येणें बंद. लोहार-तांबटांच्या मुलांस हीं तिन्ही बंधनें जड होतीं. गज्जर यांनीं देशी भाषांतून शिकविण्याचा जो आग्रह धरला, त्याचें मर्म येथें आहे. शाळेंतून व गिरणी-रेल्वेच्या कारखान्यांतून तयार झालेल्या दोन प्रकारच्या माणसांची भेट पुढें खाजगी कारखान्यांत झाली. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे कलाशाळेंत व टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें काढलेले दिवस पाठीशीं घेऊन बेळगांवास आले व १९१० सालीं औंध संस्थानांत माळरानावर त्यांनीं लोखंडी नांगरांचा कारखाना वसविला. तेथें शेजारच्या खेड्यांतील माणसांस हाताशीं धरूनच कारागीर तयार करावे लागले.

५. इतक्यांत संधानाची चौथी रीत युरोपांत सिद्ध झाली होती. रशियांतील बेनार्दोस यानें १८८० नंतरच्या दशकांत कोळशाच्या कांडीपासून विजेची ज्योत काढून लोखंड वितळविलें. १८८८ सालीं स्लाव्यानोव्ह यानें कोळशाऐवजीं धातूचीच कांडी वापरली, त्यामुळें ज्योत देणारी कांडी स्वतः वितळून सांधा भरूं लागली. स्वीडनच्या शेलबेर्ग यानें १९०७ च्या सुमारास कांडीस लेप देण्याची युक्ति काढली. लेप जळून वायु व मळी होतात व वितळलेल्या लोखंडास हवेपासून झांकतात. लोहाराची वाळू, तांबटाचा टाकणखार आणि शेलबेर्गचा लेप हीं एकाच गरजेचीं तीन उत्तरें होत. ऑक्सिजन व ॲसिटिलीन यांची सुमारें ३१०० अंश उष्णतेची ज्योतहि १९०३ पासून उपलब्ध झाली.

जुनी रीत मात्र लगेच हटली नाहीं. १९४३ सालीं खुला झालेला कलकत्त्याचा हावडा पूल सुमारें २६,५०० टन पोलादाचा असून तो रिव्हेटांनींच जोडलेला आहे. परंतु त्याच महायुद्धानें कारागिरांची टंचाई उघडी पाडली. वस्तादाच्या हाताखालीं सात वर्षें थांबण्यास युद्धास सवड नव्हती. म्हणून हिंदुस्थान सरकारनें १९४० सालीं तांत्रिक शिक्षणाची योजना काढली, व १९४१ पासून ब्रिटनचे मजूरमंत्री बेव्हिन यांच्या योजनेनें हिंदी तरुण इंग्लंडांतील शिक्षणकेंद्रांत व कारखान्यांत पाठविण्यांत आले. शिक्षणाचें मोजमाप वर्षांवरून महिन्यांवर आलें. स्वातंत्र्यानंतर १९५० सालीं कारागीर-शिक्षण योजना सुरू होऊन औद्योगिक प्रशिक्षण संस्था निघाल्या, आणि १९६१ चा शिकाऊ उमेदवारांचा कायदा १ मार्च १९६२ पासून अंमलांत आला. त्यांतहि अनुबंधपत्राची नोंदणी आवश्यक केली आहे. १८५० चें सूत्र असें पुढें आलें.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थेंत वेल्डरचा अभ्यासक्रम एक वर्षाचा असतो. विद्यार्थी प्रथम सपाट पत्र्यावर सरळ रेघ ओढावयास शिकतो. ज्योतीची लांबी, कांडीचा कल व हाताचा वेग हीं तिन्ही एकदम सांभाळणें हा पहिला धडा. मग एकावर एक ठेवलेल्या पत्र्यांचा, काटकोनांतील पत्र्यांचा व कडेस कड भिडविलेल्या पत्र्यांचा जोड. आणि हेच जोड क्रमानें सपाट, आडवे, उभे व डोक्यावर. डोक्यावरील सांध्यांत वितळलेला रस अंगावर पडूं न देतां वर चढवावयाचा असतो. येथें भाता व सांडशी नाहीं, तरी पायऱ्यांचा क्रम जुन्या घरच्या क्रमाशीं जुळतो, आणि शेवटची पारख डोळ्यांचीच राहते. फरक एवढाच कीं ते डोळे आतां काळ्या कांचेमागून पाहतात.

परीक्षेची रीत मात्र नवी आहे. बॉयलर व वाफेचे नळ सांधणाऱ्यांसाठीं १९५० च्या भारतीय बॉयलर नियमांत स्वतंत्र प्रकरण आहे. वेल्डरनें चाचणीचा पत्रा सांधावयाचा, त्याच्या पट्ट्या कापावयाच्या, त्या वांकवून पाहावयाच्या. सांधा टिकला तर दाखला. भारतीय मानक ८१७ यांतहि वीजज्योतीनें सांधणाऱ्यांच्या शिक्षणाचे व परीक्षेचे नियम दिले आहेत. जातीनें, वतनानें किंवा वस्तादाच्या शब्दानें सिद्ध होणारी पात्रता आतां पट्टीच्या वांकण्यावर आली. सामाजिक इतिहासाच्या दृष्टीनें ही क्रांति एखाद्या मोठ्या तहाहून लहान नाहीं.

६. ‘हाताची विद्या कागदांत सांपडत नाहीं, मग असे कागद जमवून काय लाभ?’ असा आक्षेप येईल. कागद विद्या देणार नाहीं, हें खरें. परंतु विद्या कोणास मिळाली व कोणास मिळाली नाहीं, तिला किती वर्षें व किती दाम पडले, मुलाकडून शिकण्याचें काम किती व झाडलोटीचें किती घेतलें, हें कागदच सांगेल. शिवाय चाचणीचा पत्रा हा असा लेख आहे कीं तो वाचण्यासाठींच मोडावा लागतो. ताम्रपट हजार वर्षें जमिनींत राहूनहि वाचतां येतो. वेल्डरचा पत्रा त्याच दिवशीं भंगारांत जातो. मागें उरतो तो फक्त दाखला.

आपल्या नेहमींच्या कामासहि या ज्ञानाचा उपयोग आहे. ताम्रपटांच्या वाचनांत कडी व मुद्रा यांचें वर्णन करतांना कडी कापलेली होती कीं अखंड होती हें विद्वान् लोक नमूद करतात, कारण कापून पुन्हां जोडलेल्या कडीमुळें एखादा पत्रा बदलल्याचा संशय येतो. तो जोड झाळलेला आहे कीं ठोकलेला, जुना आहे कीं अलीकडचा, हें ओळखण्यास सांधकाम समजलें पाहिजे. जुन्या तोफेच्या किंवा तरवारीच्या भेगेवर वीजज्योतीची खवल्यांसारखी रेघ दिसली तर ती विसाव्या शतकांतील किंवा त्यानंतरची दुरुस्ती होय, हें निश्चित. अशी दुरुस्ती मूळ घडणीचा पुरावा नष्ट करते, म्हणून वस्तुसंग्राहकांनीं ती करवूं नये, हेंहि येथें सांगणें अवश्य वाटतें.

७. संग्रह काय करावा, याची थोडी दिशा देऊन हा लेख पुरा करूं. १८५० च्या कायद्याखालील व १९६१ च्या कायद्याखालील अनुबंधपत्रें, कारखान्यांचीं हजेरीपत्रकें व पगारपत्रकें, त्यांतील ‘उमेदवार’ या सदराखालील नोंदी, युद्धकालीन शिक्षणकेंद्रांचे दाखले, बॉयलर-वेल्डरचीं प्रमाणपत्रें, विद्यार्थ्यांच्या कामाच्या वह्या, ज्यांत सांध्यांच्या आकृति व शिक्षकाचे शेरे असतात, कलाशाळा, कलाभवन व तांत्रिक संस्था यांचे जुने अभ्यासक्रम व देशी भाषांतील पाठ्यपुस्तकें, आणि तांबट आळीसारख्या वस्त्यांतील घरांत राहिलेले हिशेब व नमुने. प्रत्येक कागदाबरोबर तो कोणत्या घरांतून आला, कोणत्या भट्टीचा किंवा कारखान्याचा, हें टिपून ठेवावें. त्यावांचून त्याचें अर्धें मोल जातें. जे वृद्ध कारागीर आज हयात आहेत, त्यांच्या तोंडून कामाचे शब्द जसेच्या तसे उतरून घ्यावे. ते शब्द कोशांत पुरते आलेले नाहींत.

हें काम पुढच्या पिढीवर ढकलण्याजोगें नाहीं. आतां शिकाऊ उमेदवारांचे अनुबंध संगणकावर नोंदले जातात. म्हणजे कागदी अनुबंधपत्रांचा जो काळ १८५० सालीं सुरू झाला, तो आपल्या डोळ्यांदेखत संपत आहे. बंद पडलेल्या गिरण्या व कारखाने यांच्या जागेवर इमारती उठतात, तेव्हां यंत्रें भंगारवाला नेतो व दप्तरें रद्दीवाला. भंगाराचें पुन्हां लोखंड होतें. रद्दीचा पुन्हां इतिहास होत नाहीं. ज्यांनीं एके काळीं वाण्याच्या दुकानांतून पुड्या बांधण्यास गेलेले मोडी कागद सोडवून आणले, त्यांच्या परंपरेंतील सभासदांनीं या कागदांकडेहि त्याच दृष्टीनें पाहावें, एवढीच विनंति आहे.